पांढरी चारचा यमन: कागदी पट्टीच्या म्युझिक बॉक्सवर सूर बसवताना

मे महिन्यात मी पंधरा सुरांचा, हाताने फिरवायचा, कागदी पट्टीवर चालणारा म्युझिक बॉक्स मागवला आणि नोव्हेंबरात त्यावर मला हवा तसा यमन वाजला. मधले महिने माहिती गोळा करण्यात गेले. माहिती नव्हती असं नाही, पण ती तुकड्यातुकड्यांत होती आणि ‘सी मेजरमध्ये आणा, मग भोकं पाडा’ याच्यापुढे फारशी जात नव्हती. माझ्यासारखी माणसं सरगममध्ये विचार करतात. त्यांना पहिला प्रश्न पडतो तो ‘सा कुठे धरू’ हा, आणि त्याचं उत्तर कुठेच सरळ मिळालं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने सगळं लिहून ठेवते आहे. स्टाफ नोटेशन येत नसलं तरी अडणार नाही. हार्मोनियमवर पांढरी चार कुठे असते एवढं ठाऊक असलं की पुरे.

बॉक्स म्हणजे नुसतं उघडं यंत्र मागवलं होतं, सोबत कोऱ्या पट्ट्या आणि भोकं पाडायचा एक छोटा पंच. पार्सल निघालं, आठवडाभर हललं, आणि मग सीमाशुल्क विभागात जाऊन बसलं. काही दिवसांनी पत्र आलं: वस्तूचं वर्णन, वापर, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा पाठवा. विक्रेत्याने वेष्टनावर नुसतं ‘धातूचा सुटा भाग’ असं लिहिलं होतं. पत्राची भाषा वाचून मी बरीच घाबरले. पण वस्तूंच्या वर्गीकरणाची जी आंतरराष्ट्रीय यादी असते, तिचा ९२ वा धडा वाद्यांचा आहे. त्यात ९२०८ या शीर्षकाखाली तयार म्युझिक बॉक्स येतात आणि ९२०९ खाली वाद्यांचे सुटे भाग. गंमत म्हणजे या दुसऱ्या शीर्षकात म्युझिक बॉक्सची यंत्रणा आणि यांत्रिक वाद्यांसाठीची कार्डं, तबकड्या, गुंडाळ्या यांचा उदाहरण म्हणून नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे लाकडी पेटीसकट घेतलं तर एक आकडा आणि उघडं यंत्र किंवा कोऱ्या पट्ट्या घेतल्या तर दुसरा. मी दोन ओळींचं वर्णन, ९२०९ हा आकडा, बिल आणि यंत्राचा फोटो असं पाठवलं. पुन्हा थांबणं. मग शुल्काची पावती आली, ते भरलं आणि जूनच्या अखेरीस पार्सल दारात आलं. तुम्ही मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा की वेष्टनावर ‘म्युझिक बॉक्सची यंत्रणा’ असं स्वच्छ लिही. एवढ्याने सगळं टळेलच असं नाही, पण पत्राचं उत्तर देणं सोपं जातं.

हातात घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस मी काहीच वाजवलं नाही, नुसतं आत कसं चालतं ते पाहत बसले. पोलादाचा एक कंगवा असतो, त्याला पंधरा दाते. प्रत्येक दात एक सूर. समोर दांड्यावर पंधरा छोटी चांदणीसारखी चाकं. हँडल फिरवलं की रूळ कागद पुढे ओढतो. कागद कोरा असेल तर चाकांची टोकं त्याच्यावरून घसरत राहतात. भोक आलं की एक टोक त्यात अडकतं, कागदाबरोबर चाक थोडं फिरतं, आणि त्याच चाकाचं दुसरं टोक कंगव्याचा दात उचलून सोडतं. तो सुटला की सूर वाजतो. कंगवा जुना शोध आहे. सूर लावलेल्या पोलादी पात्यांची कल्पना जिनिव्हाचे घड्याळजी आंत्वान फाव्र यांच्या नावावर १७९६ सालापासून नोंदलेली आहे. तेव्हा खिळ्यांचा पितळी दंडगोल असायचा, इथे त्याच्या जागी कागद आहे.

हँडल भरभर फिरवलं तर सूर चढतो का, हा प्रश्न मला घरच्या प्रत्येकाने विचारला. नाही चढत. लय वाढते, सूर दातात आहे.

आता मांडणी. कोऱ्या पट्टीवर पंधरा आडव्या रेघा होत्या आणि कडेला अक्षरं: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी, पुन्हा तेच, आणि शेवटी सी. म्हणजे हार्मोनियमच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या, पांढरी एकपासून दोन सप्तकं वरच्या पांढरी एकपर्यंत. एकही काळी नाही. वीस सुरांचे बॉक्स मिळतात त्यांतही हेच आहे, फक्त ते आणखी वर पांढरी सहापर्यंत जातात. काळ्या पट्ट्या हव्या असतील तर तीस सुरांच्या बॉक्सकडे जावं लागतं, आणि तो बराच महाग पडतो.

मला यमन हवा होता. पांढरी एकला सा धरला तर तीव्र मध्यमासाठी काळी तीन लागते, आणि ती नाही. बऱ्याच जणांचा सल्ला असा होता की दोन्ही एफचे दात घासून अर्ध्या सुराने बदलून घ्या. दोनच दात आहेत, काय बिघडणार आहे! मी कानसांचा संच मागवायच्या बेतात होते. त्याआधी एका संध्याकाळी वहीत पांढऱ्या पट्ट्या लिहून प्रत्येकीला सा मानून पाहिलं. जुन्या ग्रंथांतली मूर्च्छनेची कल्पना हीच. पांढरी एकला सा धरला तर बिलावल, दोनला काफी, तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. सातला पंचमच शुद्ध मिळत नाही, म्हणून ती सोडायची. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी, म्हणजे रागांच्या सात सुरांच्या मूळ साच्यांपैकी, सहा एकही दात न घासता या पंधरा रेघांवर आहेत. उरलेले चार, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, इथे कुठेही सा हलवला तरी सापडत नाहीत.

पण नुसता थाट मिळून भागत नाही, खाली-वर किती जागा उरते तेही बघावं लागतं. पांढरी चारला सा धरल्यावर जे दिसलं त्याने मी खुर्चीतून उठलेच. पहिली रेघ मंद्र पंचम, दुसरी मंद्र धैवत, तिसरी मंद्र निषाद, चौथी सा, पाचवी रे, सहावी ग, सातवी तीव्र म, आठवी प, नववी ध, दहावी नी, अकरावी तार सा, आणि पुढे थेट तार पंचमापर्यंत. यमन ‘नी रे ग’ असा खालच्या निषादावरून उठतो, तो निषाद तिथे आहे. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत म्हणजे यमनाला लागतं तेवढं सगळं अंगण. दोन दात घासून पांढरी एकला यमन केला असता तर साच्या खाली एकही सूर उरला नसता, आणि मंद्र निषादावाचूनचा यमन म्हणजे काय ते गाणाऱ्याला सांगायला नको. कानसांचा संच तेव्हा मागवलाच नाही.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. भैरवीला पांढरी तीन धरलीत तर साच्या खाली कोमल नी आणि कोमल ध मिळतात, वर तारातल्या कोमल धैवतापर्यंत जाता येतं. काफीला पांढरी दोन, खाली फक्त कोमल नी. आसावरीला पांढरी सहा धरल्यावर खाली भरपूर जागा आहे, वर मात्र तार कोमल गंधारावर संपतं. खमाजात आरोहाचा शुद्ध निषाद मिळणार नाही, कोमलावरच भागवावं लागेल, त्यामुळे मी त्याच्या वाटेला गेले नाही. पाच सुरांच्या रागांना मोकळीक जास्त: भूप पांढरी एक, चार आणि पाच या तिन्हींवर बसतो, दुर्गा एक, दोन आणि पाचवर, मालकंस तीन, सहा आणि सातवर. तुमच्या रचनेचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर आधी लिहून काढा, मग यांपैकी कुठला सा सोयीचा ते ठरवा.

जुलैत पहिली पट्टी केली. मी रागाची पट्टी केली नाही, चाचणीची केली: पंधराही रेघांवर एकेक भोक, दोन भोकांत २४ मिलिमीटर अंतर. जेमतेम ३६ सेंटिमीटरची पट्टी, पण पुढे सगळ्यात जास्त कामी आली तीच. तिच्यामुळे तीन गोष्टी लगेच कळल्या. एक, पट्टी कुठल्या बाजूने घालायची आणि खालचे सूर कुठल्या कडेला आहेत. दोन, सगळे दात वाजतात का. तीन, खरा सूर कोणता. माझ्या बॉक्समध्ये पहिल्या रेघेला फोनवरचं ट्यूनर ५२३ हर्ट्झ दाखवत होतं, म्हणजे मधला सी नव्हे, त्याच्या एक सप्तक वरचा. पट्टीवर छापलेलं अक्षर सप्तकाबद्दल काही सांगत नाही. सोबत तानपुरा लावायचा असेल किंवा गायचं असेल तर हे आधी तपासलेलं बरं.

मग यमनातली एक साधी सरगम घेतली, माझी स्वतःचीच, तीनतालात, दोन आवर्तनांची. एका मात्रेला ८ मिलिमीटर धरले. सोळा मात्रांचं आवर्तन १२८ मिलिमीटरचं होतं, दोन आवर्तनं २५६. ए-फोर कागदाची लांबी २९७, त्यामुळे सुरुवातीला रुळाने कागद पकडेपर्यंतची मोकळी जागा सोडून दोन आवर्तनं एका कागदात बसतात. दुगुनीत, म्हणजे एका मात्रेत दोन सूर असं लिहिलं की दोन सुरांत ४ मिलिमीटर, आणि इथे यंत्र आडवं येतं. वेगवेगळ्या रेघांवर ४ मिलिमीटर खुशाल चालतं. एकाच रेघेवर नाही. चाकाचं एक टोक वाजवून गेल्यावर पुढचं टोक जागेवर यायला कागद साधारण ७ ते ८ मिलिमीटर सरकावा लागतो. त्याआधीचं भोक मुकं जातं. शिवाय दात अजून थरथरत असताना चाकाचं टोक त्याला टेकलं तर ‘झर्र’ असा चिरका आवाज येतो. जुन्या चांगल्या दंडगोलाच्या बॉक्समध्ये यासाठी दातांखाली थरथर दाबणारे बारीक तारांचे डँपर असतात, या हातवाल्या यंत्रांत नसतात.

त्यामुळे ‘गग रेरे’ असं दुगुनीत लिहिलेलं सगळं मला बदलावं लागलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग लक्षात आलं की दुसऱ्या ‘ग’च्या जागी शेजारचा ‘म’ किंवा सरळ रिकामी मात्रा ठेवली तर चाल मोडत नाही, उलट वाजलेला सूर जरा वेळ गुंजायला मोकळा राहतो. मींड नाही, आंदोलन नाही, कण घ्यायचा तर आधीच्या सुराचं भोक मुख्य भोकाच्या २ मिलिमीटर आधी पाडायचं. एवढ्या सामग्रीत राग उभा करायचा म्हटल्यावर कोणते सूर वगळायचे हेच खरं काम होऊन बसतं. खालच्या रेघांवर समेला आणि खालीला (पहिल्या आणि नवव्या मात्रेला) मंद्र पंचम ठेवला, तोच ठेका झाला. दोन शेजारच्या रेघांवर एकाच वेळी भोकं पाडू नका. रेघांतलं अंतर २ मिलिमीटर आणि भोकही जवळपास तेवढंच, त्यामुळे दोन्ही मिळून एकच फाटकी खिडकी तयार होते.

छपाईबद्दल फार लिहीत नाही. कोऱ्या पट्ट्या संपल्या की घरी छापता येतात. पंधरा सुरांची पट्टी ४१ मिलिमीटर रुंद, तीस सुरांची ७०. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्के आकारावर छापायचं आणि मोजपट्टीने मोजायचं: पंधरा सुरांत पहिल्या आणि शेवटच्या रेघेत बरोबर २८ मिलिमीटर, तीस सुरांत ५८. अर्धा मिलिमीटर जरी कमी भरलं तरी कडेचे सूर अडखळतात. कागद १६० ते १८० ग्रॅमचा मला चालला. त्याहून पातळ कागद भोकापाशी दुमडतो आणि चाक त्यातून निसटतं. पट्टीचं पुढचं टोक तिरपं कापलं की रुळात सहज जातं. दोन पट्ट्या जोडायच्या तर पातळ चिकटपट्टी एकाच बाजूला, आणि ती कुठल्याही भोकावर येता कामा नये.

ऑगस्टमध्ये यमन वाजला. म्हणजे सूर वाजले. ऐकताना दोन गोष्टी टोचत होत्या. एक म्हणजे मधला निषाद, दहावी रेघ, स्पष्ट उतरलेला होता. दुसरं, तानपुऱ्याबरोबर लावल्यावर गंधार चढलेला वाटत होता.

गंधाराचं आधी सांगते, कारण त्यावर मी बरेच दिवस डोकं घातलं. ट्यूनर म्हणत होतं, सहावी रेघ बरोबर आहे. कान म्हणत होता, नाही. दोघंही खरे होते. कंगवा समान बारा भागांच्या सप्तकात लावलेला असतो, सप्तकाचे १२०० सेंट, प्रत्येक अर्ध्या सुराला १००. त्यात शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटांवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो गंधार सुमारे ३८६ सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा फरक, आणि हार्मोनियमबद्दल गवई ज्यासाठी कुरकुरतात तो हाच. सहाव्या रेघेचा दात चौदा सेंट उतरवावा का? मी वही पुन्हा काढली. हाच दात पांढरी चारच्या यमनात गंधार आहे, पण पांढरी दोनच्या काफीत पंचम, पांढरी सहाच्या आसावरीत सा. यमनासाठी तो उतरवला की काफीचा पंचम बेसूर होणार. एकाच रागासाठी बॉक्स ठेवायचा असेल तर जरूर उतरवा. मला सहाही थाट हवे होते, तेव्हा तो जसा होता तसाच ठेवला आणि तानपुऱ्यात पंचमाची तार बंद करून, नुसता षड्ज ठेवून ऐकू लागले. टोचणं थोडं कमी झालं.

निषादाची गोष्ट वेगळी. ट्यूनरवर तो सुमारे वीस सेंट उतरलेला होता, कुठल्याच हिशेबात न बसणारा. आता कानस लागणारच होती.

हात लावण्याआधी काय काय तपासायचं ते सांगते. कंगवा ज्या स्क्रूंनी पायावर बसवलेला असतो ते सैल असतील तर सूर मंद आणि उतरलेला येतो. आधी ते घट्ट करा. मग दातावर किंवा त्याच्या टोकाला कागदाचा तंतू, धूळ, तेलाचा थेंब चिकटलाय का ते भिंगातून बघा. टोकावरचं एवढंसं वजनही सूर उतरवतं. हे पटत नसेल तर मेणाचा मोहरीएवढा कण एखाद्या दाताच्या टोकाला लावून ट्यूनर बघा. मी लावला, आणि सूर धाडकन खाली गेला. मेण काढलं की परत जागेवर. कंगव्याच्या वागण्याची ओळख करून घ्यायला याहून निरुपद्रवी प्रयोग नाही.

ट्यूनरवर आंधळा विश्वास नको. एका टोकाला घट्ट धरलेल्या पात्याचा दुसरा कंपप्रकार मूळ सुराच्या सव्वासहा पटीच्या आसपास असतो, तो कुठल्याच सरगमीत बसत नाही, आणि वाजताक्षणीच्या टणत्कारात तोच जास्त असतो. म्हणून काटा पहिल्या क्षणी काहीही दाखवतो. अर्धा सेकंद थांबून स्थिरावलेला आकडा घ्यायचा. यंत्र लाकडी टेबलावर दाबून धरलं की सूर मोठा आणि स्वच्छ येतो. प्रत्येक मोजमाप चाचणीच्या पट्टीनेच केलं, नखाने नाही, कारण नखाने दात कमी-जास्त उचलला जातो.

तत्त्व हार्मोनियमच्या सुरांचंच आहे, ज्यांनी पेटी सुरात लावताना पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. टोकाकडचा धातू कमी केला तर वजन घटतं आणि सूर चढतो. मुळाकडचा धातू कमी केला तर पातं लवचीक होतं आणि सूर उतरतो. दाताची लांबी निम्मी केली तर सूर दोन सप्तकं वर जातो, इतकी लांबी प्रभावी आहे, म्हणून दात आखूड करायच्या भानगडीत पडायचंच नाही. घासायचं ते खालच्या बाजूने, चाक जिथे उचलतं ती कड सोडून.

कंगवा सोडवण्याआधी त्याची जागा पायावर बारीक सुईने आखून घेतली. परत बसवताना तो केसभर पुढे-मागे झाला की काही दात जोरात वाजतात, काही वाजतच नाहीत. पोलाद कडक केलेलं असल्याने साधी कानस त्यावरून घसरते. हिऱ्याचा थर असलेली बारीक सुईकानस लागली. दाताखाली कार्डाची घडी टेकू म्हणून ठेवून तीन-चार हलके हात, मग थांबायचं. घासल्याने दात तापतो आणि गरम पोलादाचा सूर किंचित उतरतो, त्यामुळे लगेच मोजलं तर अजून कमीच आहे असं वाटून आपण जास्त घासतो. थंड होऊ द्यायचं, कीस ब्रशने झाडायचा, कंगवा बसवायचा, चाचणीची पट्टी, ट्यूनर. पुन्हा सोडवायचा. एका दातासाठी एक पूर्ण दुपार गेली, आणि त्यातला जेमतेम मिनिटभर वेळ प्रत्यक्ष घासण्याचा. आठवणीत राहिलेली भीती मात्र त्या मिनिटाचीच आहे, कारण दात तुटला तर सुटा दात मिळत नाही, अख्खा कंगवा बदलावा लागतो.

निषाद दोन सेंटांच्या आत आला. तेराव्या रेघेवरचा तार गंधार आठ-नऊ सेंट चढलेला होता, तो मात्र मी सोडून दिला. चढलेला सूर उतरवायचा म्हणजे मुळाशी पातळ करायचं, आणि वरचे दात आधीच चिमुकले. मुळाशी जरा जास्त गेलं की तिथेच तडा. इतक्या वरच्या आणि पटकन विरणाऱ्या सुरात आठ सेंट कुणाला ऐकू येत नाहीत. मलाही ट्यूनर बघितल्याशिवाय येत नाहीत.

सप्टेंबरमध्ये तीस सुरांचं यंत्र मागवलं. या वेळी वेष्टनावर नीट वर्णन होतं आणि पत्र आलं नाही, थांबावं मात्र तितकंच लागलं. तीस म्हटल्यावर मला वाटलं होतं, अडीच सप्तकं, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. तसं नाही. छापलेल्या अक्षरांप्रमाणे बघितलं तर सगळ्यात खालच्या सप्तकात फक्त पांढरी एक, दोन, पाच, सहा, सात. त्यावरच्या सप्तकात पांढरी एक आणि दोन आहेत, पण काळी एक आणि काळी दोन नाहीत. तिथल्या पांढरी तीनपासून पुढे मात्र एकही सूर न गाळता वीस अर्धे सूर चढत जातात, वरच्या पांढरी एकपर्यंत. मग काळी एक गाळून पांढरी दोन, काळी दोन गाळून पांढरी तीन, आणि संपलं. खालचे सूर बाससाठी निवडलेले आहेत हे उघड आहे: सा, रे, प, ध, नी. गंधार-मध्यम खाली नाहीत म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. हीच मांडणी पाच अर्ध्या सुरांनी वर सरकवून, पांढरी चारपासून सुरू झालेलीही छापलेली आढळते. अंतरं तीच असतात, त्यामुळे अक्षरांकडे न बघता रेघांचे क्रमांक धरले की घोटाळा होत नाही.

इथे मला भैरव हवा होता, जो पंधरात अशक्य होता. पांढरी एकला सा धरला तर मधल्या सप्तकात कोमल रिषभ नाही, आणि त्याच्याशिवाय भैरव कसला. पांढरी चार आणि पाचला मंद्र निषाद आहे, पण मंद्र कोमल धैवत त्या गाळलेल्या काळ्या पट्ट्यांवर पडतो. पांढरी सहा धरली आणि जमलं. खाली मंद्र मध्यमापासून म, प, कोमल ध, नी सगळे सलग, मग पूर्ण मध्य सप्तक, तार सा आणि तार कोमल रे. तार गंधार तेवढा नाही. शिवाय सगळ्यात खालच्या भागात पांढरी सहा हजर आहे, म्हणजे साचा खर्ज फुकटात मिळाला. तो दर समेला ठेवला.

या यंत्रातल्या खालच्या दातांना पोटाशी शिशाचे ठोकळे होते. वजन वाढवून सूर खाली आणायची ही जुनी युक्ती, नाहीतर दात खूपच लांब करावे लागले असते. त्यातला एक सूर पंधराएक सेंट उतरलेला होता आणि तो चढवणं निषादाच्या मानाने अगदी सोपं गेलं: पोलादाला हात न लावता शिसं टोकदार पात्याने किंचित खरवडलं. फक्त शिशाची भुकटी विषारी असते. खाली ओला कागद ठेवा, फुंकर मारू नका, हात साबणाने धुवा, आणि मुलं आजूबाजूला असताना हे काम काढूच नका.

एक गंमत सांगायची राहिली. पंधरा सुरांची यमनाची पट्टी लांबीच्या कडेवर पालथी करून घातली, म्हणजे सुरुवात तीच पण वरची कड खाली, तर प्रत्येक आरोह अवरोह होतो आणि पांढरी चारवरचा सा पांढरी पाचवर जाऊन पडतो. पांढरी पाच म्हणजे खमाज. मी टाळलेला थाट असा फुकट भेटला, आणि चाल वाईट नव्हती. हीच पट्टी आडव्या कडेवर उलटली तर सूर तेच राहतात, शेवटापासून सुरुवातीकडे वाजतात. कंटाळा आला की करून बघा.

ज्यांना हे संगणकावर मांडून मिडी फाइलवरून (सूर क्रमांकांत साठवणाऱ्या फाइलवरून) भोकांचा नकाशा काढायचा आहे त्यांच्यासाठी छापलेल्या अक्षरांप्रमाणे मिडीचे क्रमांक देते. पंधरा सूर: ६०, ६२, ६४, ६५, ६७, ६९, ७१, ७२, ७४, ७६, ७७, ७९, ८१, ८३, ८४. तीस सूर: ४८, ५०, ५५, ५७, ५९, ६०, ६२, मग ६४ ते ८४ सलग, शेवटी ८६ आणि ८८. क्रमांकच वापरा, सप्तकाची नावं नकोत, कारण ६० या क्रमांकाला काही सॉफ्टवेअर सी-४ म्हणतात आणि काही सी-३.